पहिली व्होल्व्हो 240 घेताय? आधी पत्रा बघा, इंजिन नंतर

स्वीडनमध्ये गोथेनबर्गला नोकरीसाठी आलेल्या आपल्या मंडळींपैकी दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मला विचारतं, की ती जुनी चौकोनी व्होल्व्हो तू चालवतेस ना, आम्हालाही एक घ्यायचीय, काय बघायचं? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. माझ्याकडे 1990 ची 240 इस्टेट (छत मागपर्यंत गेलेली, मोठ्या डिकीची) आहे, सहा वर्षं झाली, रोजची गाडी तीच, तिची बरीचशी कामं मी घरच्या घरी करते आणि गाडी घ्यायच्या आधी मला नट-बोल्ट सोडवण्यापलीकडे काही येत नव्हतं. म्हणजे तुम्हालाही जमेल.

आधी थोडं गाडीबद्दल, कारण ती तशी का बनवली हे कळलं की घेताना काय बघायचं ते आपोआप कळतं. 240 मालिका 1974 मध्ये आली आणि मे 1993 पर्यंत बनत राहिली, जवळजवळ एकोणीस वर्षं, 28 लाखांहून जास्त गाड्या. बऱ्याचशा इथेच, शहराच्या पश्चिमेला तोर्सलांडाच्या कारखान्यात. डिझाइन यान विल्सगार्ड यांचं. मूळ सांगाडा आधीच्या 140 चा, पण व्होल्व्होने 1972 मध्ये सुरक्षेच्या प्रयोगांसाठी एक गाडी बनवली होती, तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी या साध्या घरगुती गाडीत उतरवल्या. पुढचा आणि मागचा भाग धडकेत चुरगळून मार खाणार, मधला माणसं बसायचा भाग पिंजऱ्यासारखा मजबूत राहणार. ब्रेकचं बघा, चारही चाकांना डिस्क, आणि ब्रेक ऑइलच्या दोन लायनी अशा वाटल्यात की प्रत्येक लायनीवर पुढची दोन्ही चाकं आणि मागचं एक. एक लाइन फुटली तरी पुढचे दोन्ही ब्रेक लागतात. एवढा विचार त्या काळात फॅमिली गाडीत कोणी केलेला मला तरी माहीत नाही.

बाकी सगळं साधं. इंजिन लांबीत बसवलेलं, थोडं एका बाजूला कललेलं, गिअरबॉक्स त्याच्या मागे, तिथून शाफ्ट मागच्या ॲक्सलला. सस्पेन्शनला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र), मागे अखंड ॲक्सल, कॉइल स्प्रिंगवर. बोनेट उघडलं की प्रत्येक पार्ट दिसतो, नुसता दिसत नाही, हात पोचतो. माझ्या बाबांची फियाट होती, ते रविवारी सकाळी बोनेट उघडून बसायचे, तो आनंद मला इथे येऊन या गाडीत परत मिळाला, आणि आजच्या गाड्यांत बोनेट उघडलं की नुसतं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

पायरी 1: कोणती घ्यायची ते ठरवा

सुरुवातीला नावात तीन आकडे होते, पहिला मालिकेचा, दुसरा सिलिंडर किती, तिसरा दरवाजे किती. म्हणजे 242 दोन दरवाज्यांची, 244 सेदान, 245 इस्टेट, आणि 264 म्हणजे सहा सिलिंडरवाली सेदान. 1983 पासून हे बंद करून सगळ्यांना 240 च म्हणायला लागले, तरी लोक अजून बोलताना 245 म्हणतात, त्यामुळे जाहिरातीत दोन्ही शोधा.

नवख्या माणसाने 264 किंवा 265 च्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातलं व्ही-6 इंजिन प्यूजो, रेनॉ आणि व्होल्व्होने मिळून बनवलेलं, त्याचे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) झिजतात, काम किचकट. डिझेलही नको, ते फोक्सवॅगनचं सहा सिलिंडरचं इंजिन, आवाज मस्त पण त्याचा टायमिंग बेल्ट (कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा) तुटला तर इंजिन गेलं आणि तो बदलायलाही खास हत्यारं लागतात. पहिली गाडी म्हणून चार सिलिंडरचं पेट्रोलच घ्या. त्याला रेड ब्लॉक म्हणतात कारण ब्लॉकला लाल रंग दिलेला असतो. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, एकच कॅमशाफ्ट, आठ व्हॉल्व्ह. पुढे 1985 च्या मॉडेलपासून बी 230 आलं, 2.3 लिटरचं, ताकद साधारण 110 ते 130 हॉर्सपॉवर, पण नीट ऑइल बदललं तर चार-पाच लाख किलोमीटर आरामात जातं. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह सहसा पिस्टनला लागत नाहीत, गाडी फक्त बंद पडते, बेल्ट टाकला की पुन्हा चालू. (याचा अर्थ बेल्ट तुटेपर्यंत चालवा असा नाही!)

वर्षाचं म्हणाल तर 1988 नंतरची बघा. त्याचं मोठं कारण वायरिंग. साधारण 1980 ते 87 च्या गाड्यांमध्ये इंजिनजवळच्या वायरिंगचं वरचं आवरण उष्णतेने सुकून बिस्किटासारखं गळून पडतं, मग शॉर्ट, मग कधी चालू कधी बंद. बऱ्याच गाड्यांचं वायरिंग कोणीतरी आधीच बदललेलं असतं, तसं असेल तर घ्यायला हरकत नाही, पण बिल मागा. आणि 1989 पासूनच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत बोनेटखाली एक छोटी काळी डबी असते, तिच्यावर बटण आणि लाल दिवा, वायर योग्य सॉकेटमध्ये खोचून बटण दाबलं की दिवा लुकलुकून तीन आकडी कोड देतो. 1-1-1 आला म्हणजे सगळं ठीक. कसलं मशीन नको, कसला लॅपटॉप नको.

एक सांगायचं राहिलं, सेदान की इस्टेट? घरात मुलं असतील, आयकियाच्या फेऱ्या असतील तर इस्टेट. मागची सीट पाडली की सपाट जमीन होते, मी स्वतः तिच्यात झोपून उत्तरेला फिरून आलेय. काहींमध्ये डिकीत मागे तोंड करून बसायची मुलांची तिसरी सीट असते, माझ्या मुलीला ती इतकी आवडते की मधल्या सीटवर बसायला ती तयारच नसते.

पायरी 2: जाहिरात वाचायला शिका

गाड्या ब्लॉकेटवर (इथली जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची साइट) मिळतील, फेसबुकवरच्या ग्रुपांत मिळतील. इथे आपल्या लोकांची एक हमखास चूक होते ती म्हणजे रनिंग. स्वीडनमध्ये अंतर मीलमध्ये सांगतात आणि हा आपला मैल नाही, स्वीडिश मील म्हणजे सरळ 10 किलोमीटर. त्यामुळे जाहिरातीत 32,000 मील लिहिलं असेल तर गाडी तीन लाख वीस हजार किलोमीटर चाललीय. माझ्या ऑफिसातला एकजण 25,000 बघून इतका खूश झाला होता की ॲडव्हान्स पाठवायला निघालेला, कसंबसं थांबवलं. तसं तीन लाख या गाडीला जास्त नाही, पण काय विकत घेतोय ते माहीत हवं ना. आणि या गाड्यांत किलोमीटर मोजणारा एक छोटा प्लॅस्टिकचा गिअर हमखास तुटतो, मीटर मग वर्षानुवर्षं एकाच आकड्यावर. म्हणून आकड्यावर विश्वास नको, जुन्या सर्व्हिसची बिलं आणि पासिंगचे रिपोर्ट मागा, त्यांवर दरवेळचं रनिंग छापलेलं असतं.

गाडीचा नंबर मिळाला की ट्रान्सपोर्टस्टीरेल्सेनच्या (इथलं आरटीओ) साइटवर टाका, शेवटचं पासिंग कधी झालं, गाडी वापरात आहे की कागदोपत्री बंद ठेवलीय, हे फुकट दिसतं.

आणखी एक, जाहिरातीत ए-ट्रॅक्टर शब्द दिसला तर ती सोडून द्या. इथे पंधरा वर्षांची मुलं मोठ्या गाडीला ट्रॅक्टरमध्ये बदलून 30 च्या स्पीडने चालवतात, मागे मोठा त्रिकोण लावलेला असतो, गावाकडे गेलात की दिसतील. 240 त्यासाठी फार आवडती. मुलांचं मला कौतुकच आहे, हाताने काम शिकतात, पण चांगल्या गाड्या त्यात जातात हेही खरं.

पायरी 3: पत्रा

हा या लेखाचा गाभा, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण हे वाचा. इंजिन बिघडलं तर दुसरं मिळतं, गिअरबॉक्स मिळतो, सीट मिळतात, जुन्या गाड्यांच्या भंगारवाल्यांकडे अजून बरंच काही निघतं. पण सांगाडा सडला की संपलं. स्वीडनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते तीस-चाळीस हिवाळे या गाड्यांनी खाल्लंय.

दिवसा उजेडी जा, पाऊस पडत नसताना. सोबत टॉर्च, छोटं चुंबक आणि एक बोथट स्क्रू ड्रायव्हर न्या, आणि अंगावर असे कपडे घाला की जमिनीवर आडवं होता येईल. विकणाऱ्याला आधीच विचारा की खालून बघितलं तर चालेल ना, जो नाही म्हणेल त्याच्याकडे जाऊच नका.

सुरुवात जॅक लावायच्या जागांपासून करा. दरवाज्यांखालच्या पट्टीत त्या असतात, तिथला पत्रा बोटाने दाबा, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हळू ठोका. टणटण वाजला तर ठीक, भदभद वाजला तर आत सडलंय. मग चाकांच्या वरच्या कमानी, बाहेरून नाही तर आतून, टॉर्च मारून, खास करून मागची चाकं. मग बॅटरीच्या खालचा ट्रे. मग पायाखालचं कार्पेट उचला, ओलं आहे का बघा, ओलं असेल तर पाणी काचेच्या रबरातून येतंय आणि तळाचा पत्रा खालून-वरून दोन्हीकडून खातोय. पुढच्या काचेच्या चौकटीत फुगे आलेत का ते रबराच्या कडेने बोट फिरवून बघा, ते काम महाग असतं कारण काच काढावी लागते.

मागे जा. डिकीच्या तळाशी दोन्ही बाजूंना खोलगट खड्डे असतात, त्यांत पाणी साठतं, मॅट उचलल्याशिवाय दिसत नाही. इस्टेटच्या मागच्या दाराची खालची कड तर जवळजवळ प्रत्येक गाडीची गंजलेली असते, तेवढ्यावरून गाडी नाकारू नका, दार दुसरं मिळतं.

चुंबक कशासाठी, तर पुट्टीसाठी. जिथे पत्र्याच्या जागी पुट्टी भरून रंग मारलाय तिथे चुंबक चिकटत नाही. मी बघायला गेलेली पहिलीच गाडी, लाल सेदान, चमकत होती, मी तर मनातल्या मनात घेऊन टाकली होती, आणि मागच्या कमानीवर चुंबक लावलं तर सरळ खाली पडलं. दुसऱ्या बाजूला लावलं, तिथेही पडलं. खालून बघितलं तर ताजं काळं अंडरकोटिंग फासलेलं. ताजं अंडरकोटिंग दिसलं की नेहमी संशय घ्या. मी घरी आले तेव्हा खूप उदास होते, पण पुढच्या महिन्यात फिकट रंग उडालेली, ओरखडे पडलेली निळी इस्टेट मिळाली आणि तिचा तळ कोरडा खडखडीत होता. तीच अजून माझ्याकडे आहे.

पायरी 4: इंजिन थंड असताना सुरू करा

जायच्या आधी सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावा, गरम असेल तर कारण विचारा. सेल्फ मारल्यावर मागे बघा, थंडीत पांढरी वाफ चालेल, निळा धूर रेंगाळत राहिला तर ऑइल जळतंय.

आता एक युक्ती सांगते जी मला शेजारच्या आजोबांनी शिकवली, ते आयुष्यभर याच गाड्यांवर काम केलेले. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर पातळ रबरी ग्लोव्ह ओढून बसवा. ग्लोव्ह आत ओढला गेला किंवा लुळा राहिला तर छान. फुगून हात हलवायला लागला तर इंजिनच्या पोटात दाब साठतोय. बहुतेक वेळा कारण अगदी किरकोळ असतं, इनटेकच्या खाली फ्लेम ट्रॅप नावाचा एक प्लॅस्टिकचा छोटा तुकडा असतो, त्यात काजळी भरते. पार्ट अगदी स्वस्त आहे. पण वर्षानुवर्षं कोणी बघितलं नाही तर तोच दाब ऑइल सील बाहेर ढकलतो आणि मग मागच्या सीलसाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून खाली ऑइल गळतंय का ते बघा, आणि कुठून गळतंय ते त्याहून महत्त्वाचं.

टायमिंग बेल्ट कधी बदलला हे विचारा. साधारण 8,000 मील, म्हणजे 80,000 किलोमीटरला बदलायचा. उत्तर आलं नाही तर घेतल्यावर पहिलं काम तेच.

पायरी 5: चालवून बघा

पहिल्यांदा बसलात की वाटेल स्टिअरिंग केवढं मोठं आणि गाडीची चारही टोकं कशी दिसतायत. वळवून बघा, पावणेपाच मीटरहून थोडी लांब गाडी आहे पण पुढची चाकं इतकी वळतात की अरुंद गल्लीत एका दमात यू टर्न होतो. इंजिन लांबीत बसवल्यामुळे चाकांना जागा मिळते, हे त्याचं कारण.

निघताना खालून थरथर जाणवली तर शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचं रबर गेलंय. गाडी रिव्हर्समध्ये टाकताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना मागून खट्ट आवाज आला तर मागच्या ॲक्सलचे बुश. दोन्ही गोष्टी होण्यासारख्या आहेत, घाबरू नका, किंमत कमी करून मागा. चार गिअरवाल्या बऱ्याच गाड्यांत गिअरच्या मुठीवर ओव्हरड्राइव्हचं (पाचव्या गिअरसारखं काम करतो) बटण असतं, चौथ्यात दाबल्यावर इंजिनचा आवाज खाली यायला हवा. आला नाही तर बऱ्याचदा नुसता रिले (विजेचा छोटा स्विच) गेलेला असतो.

आणि एक गोष्ट विसरू नका, हीटरचा पंखा. सगळ्या स्पीडवर चालवून बघा, किंचाळतोय का ऐका. तो पंखा डॅशबोर्डच्या इतक्या आत आहे की बदलायला निम्मी गाडी उघडावी लागते, मला दोन पूर्ण दिवस लागले होते, आणि इथल्या हिवाळ्यात हीटरशिवाय चालणारच नाही.

पायरी 6: कागद

लायसन्सचं आधी बघा. भारतीय लायसन्स इथे रहिवासी म्हणून नोंद झाल्यापासून एकच वर्ष चालतं, पुढे स्वीडिश काढावं लागतं. मालकी बदलायला आरसीसारखा जो कागद असतो त्याचा पिवळा भाग लागतो, विकणारा आणि घेणारा दोघांनी सही करून पाठवायचा, किंवा ॲपवरून. पिवळा भाग समोर नाही तर पैसे देऊ नका. गाडी नावावर झाली त्याच दिवसापासून इन्शुरन्स हवा, एकही दिवस मध्ये गेला तर दंड लागतो. आनंदाची बाब म्हणजे 30 वर्षांच्या वरच्या गाडीला वार्षिक वाहन कर नाही आणि शेवटची 240 सुद्धा आता तीस पार झालीय, म्हणजे सगळ्याच बसतात. पासिंग मात्र करावं लागतं, पण गाडी 50 वर्षांची झाली की तेही नाही.

पायरी 7: घरी आणल्यावर पहिला महिना

ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल, सगळं एकदम बदला, म्हणजे तुमचा हिशोब शून्यापासून सुरू होतो. बिल्टेमा नावाच्या दुकानांत बरंच मिळतं. फ्लेम ट्रॅप साफ करा. पेट्रोलचे रबरी पाइप हाताने दाबून बघा, भेगा असतील तर लगेच बदला, यात कंजूसी नको, आग लागते. मी स्वतः 98 ऑक्टेनचं पेट्रोल भरते कारण 95 मध्ये 2021 पासून 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही असा माझा अनुभव. ॲव्हरेज मीलला साधारण लिटरभर, म्हणजे दहाचं, शहरात त्याहून कमी.

फ्यूज. ड्रायव्हरच्या डाव्या पायाजवळ झाकण आहे, आत जुन्या पद्धतीचे छोटे फ्यूज, दोन्ही टोकांना टोकदार. त्यांचे संपर्क गंजतात आणि मग दिवे मंद, वायपर हळू, काहीतरी विचित्र चालू होतं, लोक हजारो क्रोना इलेक्ट्रिशियनला देतात. एका रविवारी सगळे काढा, पत्र्याच्या क्लिपा बारीक सँडपेपरने घासा, नवे फ्यूज टाका. माझ्या गाडीची निम्मी दुखणी त्या दोन तासांत गेली. आणि पेट्रोल पंपाचा एक जास्तीचा रिले गाडीतच ठेवा, त्याच्या आतले टाके कालांतराने तडकतात आणि गाडी गरम झाली की मध्येच बंद पडते, नवा खोचला की पाच मिनिटांत चालू.

जॅक लावून गाडीखाली कधीही जाऊ नका, स्टँड लावल्याशिवाय नाही म्हणजे नाही. गाडीसोबत येणारा जॅक फक्त चाक बदलायला आहे.

ऑक्टोबर उजाडायच्या आत गंजरोधक तेल मारून घ्या, पट्टीच्या आतल्या पोकळीत, दारांत, कमानीत. पैसे कमी असतील तर रंगकाम पुढे ढकला, ओरखडे तसेच राहू द्या, पण हे करा.

पायरी 8: बर्फ

ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे पहिल्या बर्फात मागची बाजू सरकेल. 1 डिसेंबर ते 31 मार्च रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर कायद्यानेच लागतात, पण नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात घालून टाका आणि चारही चांगले घ्या. डिकीत वाळूची एक पिशवी टाका, ॲक्सलच्या वर येईल अशी. मग रविवारी सकाळी एखादा मोकळा पार्किंगचा मैदानासारखा भाग गाठा आणि हळू स्पीडला मुद्दाम सरकवून बघा, ॲक्सिलरेटर सोडायचा, ज्या बाजूला मागचा भाग जातोय त्या बाजूला स्टिअरिंग, दहा-बारा वेळा केलं की हाताला सवय होते. पुढच्या जाळीत एखादा प्लगचा सॉकेट दिसला तर तो इंजिन गरम करायच्या हीटरचा आहे, बऱ्याच पार्किंगांत त्यासाठी वीज मिळते. उणे दहाला दोन तास आधी टायमरवर लावा, सेल्फ पहिल्या झटक्यात लागतो आणि काचेवरचा बर्फ खरवडेपर्यंत आत ऊबही आलेली असते.